कोल्हापुरी ऑनलाइन विकायची आहे? आधी परत येणाऱ्या खोक्यांची तयारी ठेवा

प्रश्न थोडक्यात असा: "मी गडहिंग्लजचा, सध्या पुण्यात नोकरीला. मामांचं कोल्हापुरी चपला बनवायचं काम आहे. त्यांचा माल ऑनलाइन विकावा असं मनात आहे. एका कोर्सवाल्यानं पंचवीस हजार फी सांगितली आहे. तो म्हणतो, मानसिकता बदलली की सहा महिन्यांत महिन्याला लाखभर कुठे गेले नाहीत. तर मानसिकता नक्की कशी ठेवायची, रोज किती वेळ द्यायचा आणि नोकरी कधी सोडायची?"

तुमच्या तीन प्रश्नांत मानसिकतेचा प्रश्न सगळ्यात वर आहे आणि तोच सगळ्यात फसवा आहे. मी कोल्हापुरातच असतो. आधी चप्पल लाईनला दुकानात बसायचो, आता बहुतेक माल कुरियरनं जातो. तेव्हा सांगतोय ते चपलांपुरतं धरा. साड्या, लोणची, मोबाइलची कव्हरं यांचं गणित निराळं असतं.

कोर्सवाले मानसिकता म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा जोश म्हणायचा असतो. पहाटे पाचला उठा, आरशासमोर उभं राहून वाक्यं म्हणा, वगैरे. उठा बापडे, तब्येतीला चांगलंच. पण जोश लागतो पहिल्या पंधरवड्यात, आणि तेव्हा तो सगळ्यांकडेच असतो. त्यानंतर लागतो चिवटपणा, आणि तोही एका ठरावीक कामातला. परत आलेलं प्रत्येक खोकं स्वतःच्या हातानं उघडायचं, ते का परत आलं हे शोधायचं आणि ते कारण बंद करायचं. या कामाचा कुणी व्हिडिओ काढत नाही. माझ्या ओळखीत ज्यांनी हा धंदा गुंडाळला, त्यातल्या बहुतेकांना ऑर्डरी येत होत्या. फक्त पैसे उरत नव्हते.

का उरत नाहीत, ते एका जोडावर बघू. आकडे उदाहरणादाखल घेतोय, तुमचे तुम्ही घाला. चपलेची विक्री किंमत १२०० रुपये, सगळे कर धरून. सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे त्या १२०० मधले साधारण ५७ सरकारचे. मामांना ६५०. खोकं, कागद, टेप, छापील चिठ्ठी मिळून ३५. पाठवणी ९०. पैसे घेण्याचा खर्च, म्हणजे ऑनलाइन पैसे वळवणाऱ्या गेटवेची नाहीतर सीओडीची (माल पोचल्यावर पैसे) फी, २८. आणि ते गिऱ्हाईक तुमच्यापर्यंत आणायला जाहिरातीवर गेलेले १८०. बेरीज १०४०. हातात राहिले १६०. खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट तूर्त बाजूला ठेवा. १२०० ला १६० म्हटल्यावर माणूस खूश होतो आणि तिथंच वही मिटतो.

आता शंभर ऑर्डरी धरा आणि त्यातल्या वीस परत आल्या असं समजा. परत आलेल्या प्रत्येक जोडावर जाण्याचे ९० गेले, येण्याचे ८० गेले, खोक्याचे ३५ आणि जाहिरातीचे १८० गेले. ३८५ रुपयांचा फटका, तोही चप्पल जशीच्या तशी परत आली तर. ऐंशी जोडांवर मिळाले १२,८००, वीस जोडांवर गेले ७७००. उरले ५१००. तेच वीसऐवजी तीस परत आले तर सत्तर जोडांचे ११,२०० आणि तीस जोडांचे ११,५५०, म्हणजे वरून ३५० रुपये खिशातले गेले. विक्री चांगली चालली आहे, मोबाइलवर दिवसभर टिंगटिंग वाजतंय, आणि तुम्ही राबताय ते फुकट.

तुमचा धंदा चालणं आणि बुडणं, यात शंभरातल्या परत आलेल्या दहा जोडांचंच अंतर आहे. म्हणून म्हणतो, ऑर्डर आली की उड्या मारायच्या नाहीत आणि खोकं परत आलं की तोंड पाडायचं नाही. ऑर्डर म्हणजे अजून पैसे नव्हेत, आणि परत आलेल्या खोक्यात पुढचे दहा जोड वाचवायची माहिती असते.

ती माहिती कशी काढायची? खोकं आलं की आधी तळ बघा. तळाला माती किंवा घासल्याच्या खुणा असतील तर चप्पल बाहेर वापरली गेली आहे. तळ कोरा पण अंगठ्याजवळचं चामडं किंचित ताणलेलं असेल तर घरात घालून बघितली आणि माप बसलं नाही. खोकं उघडलेलंच नसेल तर गिऱ्हाईकानं दारातून परत पाठवलं, किंवा कुरियरचा माणूस तिथवर गेलाच नाही. तीन गोष्टी, तीन वेगळी कारणं, आणि तिन्हींवरचा इलाज वेगळा. एका साध्या वहीत तारीख, गाव, माप, डिझाइन आणि कारण एवढं लिहा. पन्नासेक नोंदी झाल्या की तुमचा पैसा नेमका कुठून गळतोय ते ती वहीच सांगते.

कोल्हापुरीत सगळ्यात मोठं भोक मापाचं. बुटाचा ८ नंबर एका कंपनीचा एक, दुसऱ्या कंपनीचा दुसरा, आणि आपली चप्पल हातानं बनलेली. त्यातून नवी कोल्हापुरी घट्ट असतेच, असायलाच हवी. पट्ट्याचं चामडं चार दिवसांत पायाचा आकार घेतं आणि सैलावतं. कोल्हापुरातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, तो घट्टच जोड मागतो. पण इंदूर किंवा हैदराबादच्या गिऱ्हाईकाला ते ठाऊक नाही. ते पाय घालतं, आवळ लागतं, परत पाठवून देतं. उलट काही जण जपून एक नंबर मोठा मागवतात, आठवड्यानं चप्पल पायातून निघायला लागते आणि मग शिव्या आपल्याला.

यावर आम्ही जे बसवलं ते असं. नंबर विचारायचाच नाही. कोऱ्या कागदावर पाय ठेवून टाचेपासून सर्वात लांब बोटापर्यंत किती सेंटिमीटर भरतं ते विचारायचं, आणि पाय रुंद आहे का तेही. कागदावर पाय ठेवलेला फोटो व्हॉट्सॲपवर आला तर उत्तमच. पायाचं माप संध्याकाळी घ्यायला सांगायचं, दिवसभरात पाय थोडा फुगतो. खोक्यात एक चिठ्ठी जाते, मराठी आणि हिंदीत: पहिले तीन-चार दिवस आवळ वाटेल, घरात तासभर घालून फिरा, पट्ट्याला आतून खोबरेल तेलाचा हात द्या, पाण्यात भिजवू नका, भिजलीच तर उन्हात टाकू नका, सावलीत वाळवा. चिठ्ठी स्वस्तातली आहे, पण मापासाठी होणाऱ्या परतीवर जाहिरातीच्या कुठल्याही युक्तीपेक्षा तिचाच परिणाम जास्त झाला.

दुसरं कारण रंग. झाडाच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं दिव्याखाली वेगळं दिसतं, उन्हात वेगळं, आणि तेल लागल्यावर तिसरंच. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली काढलेला फोटो घातलात तर "फोटोत फिकी होती, आली ती गडद" ही तक्रार ठरलेली. सकाळी दहाच्या सुमाराला खिडकीशी, फिल्टर न लावता काढा. एक फोटो तळाचा, एक पट्ट्यावरच्या वेणीचा जवळून, एक कुणाच्या तरी पायात. पायातला फोटो टाळू नका. गिऱ्हाईकाला पट्टा कुठं येतो ते त्यातच कळतं.

आवाजाची तर गंमतच आहे. आपल्याकडे करकर वाजणारी चप्पल लोक मुद्दाम मागून घेतात, लग्नात तर हमखास. तीच चप्पल बेंगळुरूच्या एखाद्या ऑफिसात गेली की मेसेज येतो, "चप्पल खराब आहे, चालताना आवाज करते." दोघंही आपापल्या जागी बरोबर. वर्णनात आवाजाची की बिनआवाजाची ते लिहा, संपला विषय.

तिसरं कारण सीओडी. आपल्या लोकांना माल हातात पडल्याशिवाय पैसे द्यायचे नसतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही, फसवणूक काही कमी झालेली नाही. पण रात्री अकराला अंथरुणात पडून मागवलेली चप्पल चौथ्या दिवशी दारात येते तेव्हा माणूस घरी नसतो, किंवा घरात ज्याच्या हातात पैसे आहेत त्याला पत्ताच नसतो. सीओडी साफ बंद करणारेही आहेत. सुरुवातीला ते परवडत नाही, अनोळखी नावाला आधी पैसे कोण देणार? माल बांधण्याआधी फोन करायचा. "नमस्कार, कोल्हापूरहून बोलतोय, तुमची ऑर्डर आली आहे, माप एवढं, पत्ता हा, गुरुवारपर्यंत पोचेल, घरी कोण असेल?" फोन दोनदा उचलला नाही तर माल थांबवायचा. यूपीआयनं आधी पैसे देणाऱ्याला पन्नास रुपये सूट द्यायची. ती सूट परतीच्या फटक्यापुढं काहीच नाही.

हा फोन करणं, हेच खरे कष्ट. लोकांना वाटतं ऑनलाइन धंदा म्हणजे माणसांशी बोलावं लागत नाही. उलट आहे. दुकानात गिऱ्हाईक चप्पल हातात घेऊन बघतं, तुमच्या तोंडाकडे बघतं, निम्मा विश्वास तिथंच बसतो. इथं तो विश्वास फोनवर, फोटोत आणि चिठ्ठीत बसवावा लागतो. एकच प्रश्न दिवसातून पंधरा वेळा येतो: "लेदर ओरिजिनल आहे का?" पंधराव्या वेळीही पहिल्यासारखंच उत्तर देता आलं पाहिजे. ज्याला हे जमत नाही त्यानं हा धंदा करू नये, किंवा जमणारं माणूस शेजारी बसवावं. आमच्याकडे फोनवर बायको बोलते. तिच्याइतका थंड डोक्यानं मी बोलूच शकत नाही.

रोजचा वेळ विचारलात. नोकरी सांभाळून रोज तीन तास, रविवारी पूर्ण दिवस, एवढं धरून चला. त्यातला मोठा भाग बांधणी, फोन, मेसेजची उत्तरं आणि हिशेब यात जाणार. नवी डिझाइनं आणि रील बनवायला जो वेळ उरेल तो. आणि कुरियरचं पिकअप तुमच्या ऑफिसच्या वेळेतच येणार, म्हणजे घरात कुणीतरी हवं. मुंबई-पुण्यात राहून कोल्हापूरचा धंदा करणाऱ्यांचं घोडं इथंच अडतं. माल गडहिंग्लजला, तुम्ही पुण्यात, मग बांधणार कोण? मामांच्या घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी रोज दुपारी तयार असेल तरच पुढं जा, आणि त्यांना जोडामागे ठरवून पैसे द्या. "घरचंच आहे" म्हणून फुकट राबवलंत तर तिसऱ्या महिन्यात बांधणी सैल होते.

बांधणीचा विषय निघालाच आहे तर खोक्याचं सांगतो, कारण यावर कुणी बोलत नाही. कुरियरवाले खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन, यातलं जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. आकाराचं वजन काढायची नेहमीची रीत म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५००० नं भागायचं. चपला शेजारी शेजारी ठेवून ३२ बाय २० बाय १२ चं खोकं घेतलंत तर ते दीड किलोच्या वर जातं. त्याच चपला एकीचा अंगठा दुसरीच्या टाचेकडे करून, तळ बाहेर ठेवून, मध्ये जाड कागद घालून एकमेकींवर बसवल्या की ३२ बाय १४ बाय १० च्या खोक्यात मावतात, आणि वजन ९०० ग्रॅमच्या आत येतं. प्रत्येक खोक्यामागे पैसे वाचतात, जाताना आणि परत येताना दोन्ही वेळा. पावसाळ्यात आत सिलिका जेलची पुडी टाका, नाहीतर आठ दिवस गोदामात पडलेल्या चपलेवर पांढरी बुरशी धरते.

आता मामा. धंद्याचा सगळ्यात नाजूक भाग हाच, आणि कोर्समध्ये हा नसणार. मामा हातानं काम करणारे आहेत. त्यांच्या दोन जोडांत किंचित फरक असणार आणि त्यात त्यांना काही चूक वाटत नाही, वाटायचं कारणही नाही. तुम्हाला मात्र ८ नंबरचे दहा जोड दहाही सारख्या लांबीचे हवेत. ते त्यांना कारखान्यातल्या साहेबासारखं सांगायला गेलात तर मामा म्हणतील, "मग मशीनवरचीच घे की." एक लाकडी पट्टी सेंटिमीटरच्या खुणा करून त्यांच्या बैठकीशी ठेवा, प्रत्येक जोड मोजून तळाला आतून आकडा टाकायचा एवढंच मागा, आणि त्या मोजणीचे जोडामागे दहा रुपये जास्त द्या. परत आलेला, वापरलेला माल त्यांच्या गळ्यात मारू नका. परतीचा धोका विकणाऱ्याचा. उचल दिलीत तर वहीत लिहून द्या, नातं मामाचं असलं तरी, किंबहुना म्हणूनच.

मामांच्या कामाला ऋतू असतो हेही ध्यानात ठेवा. जून ते ऑगस्ट चामडं वाळत नाही आणि काम मंदावतं. ऑनलाइन गिऱ्हाईकाला त्याचं सोयरसुतक नसतं. गणपती, दसरा, दिवाळी आणि नंतर लग्नसराई हा विक्रीचा काळ, आणि त्याचा माल पावसाआधी हातात असावा लागतो. म्हणजे चार-पाच महिने पैसा मालात अडकून राहतो. धीर धीर म्हणतात तो प्रत्यक्षात असा दिसतो: घरात चपलांची थप्पी लागलेली, बँकेत खडखडाट, आणि बाहेर पाऊस.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि गदारोळ झाला, ते आठवत असेल. तेव्हा कुणीही उठून कोल्हापुरी विकायला लागलं. त्या वाऱ्याचा फायदा ज्यांचे फोटो, मापं आणि साठा आधीच तयार होता त्यांना मिळाला. बाकीच्यांनी घाईनं कुठूनतरी रेक्झिनचा माल उचलून पाठवला आणि पुढं तो परत घेत बसले. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव देणारं भौगोलिक मानांकन मिळालं आहे, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी. तुमचा माल खराच या भागातला आहे, मामा स्वतः बनवतात. हे भांडवल कोर्समध्ये विकत मिळत नाही. मामांचे हात कामावर असतानाचे साधे व्हिडिओ टाका, मागे सनई-चौघडा लावायची गरज नाही.

कागदपत्रांचं पटकन. तुमच्या स्वतःच्या इन्स्टाग्राम-व्हॉट्सॲपवरून महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकलात तर ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारावरून परराज्यात विकायचं तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. तिथं तुमच्या पैशातून जीएसटीखाली विक्रीच्या अर्धा टक्का टीसीएस, म्हणजे बाजारवाल्यानं आधीच कापून भरायचा कर, कापला जातो. तो नंतर जमा दिसतो, पण हातात उशिरा येतो. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापा. बाकी एखाद्या सीएकडे तासभर बसा, त्याची फी वसूल होते.

नोकरी कधी सोडायची? विक्रीचा आकडा बघून तर नाहीच. परती, जाहिरात, बांधणाऱ्याचे पैसे, सगळं वजा करून उरलेली रक्कम तुमच्या घरखर्चाइतकी झाली, आणि ती एक दिवाळी आणि एक पावसाळा धरून सलग वर्षभर टिकली, मग सोडा. फक्त दिवाळीचे तीन महिने बघून राजीनामा देणारे फेब्रुवारीत पुन्हा अर्ज करताना पाहिले आहेत. वर्ष फार वाटत असेल तर हेही धरा की पगार चालू असताना केलेला धंदा शांत डोक्यानं होतो. हप्त्याची तारीख डोक्यावर असली की माणूस परत आलेला जोड पुसून नवा म्हणून पाठवायला लागतो.

राहिला कोर्स. सहा महिन्यांत लाखभर असं जो फी घेण्याआधी सांगतो, त्याला त्याची परतीची वही मागा. दाखवली तर जरूर जा. नाहीतर त्याच पंचवीस हजारांत मामांकडून तीस जोड घ्या. ६५० नं १९,५०० होतात. उरलेल्यात खोकी, टेप, वजनकाटा आणि चिठ्ठ्या येतील. पुरुषांची ७, ८, ९ मापं जास्त, १० आणि ११ चा एकेक जोड, बायकांची ५ आणि ६ जास्त. डिझाइनं दोनच ठेवा, रंग एकच. ते तीस जोड नातेवाईक आणि ऑफिसातले मित्र सोडून, महाराष्ट्रातल्याच अनोळखी माणसांना विका. किती परत आले आणि का, ते लिहून मला पाठवा, मग पुढचं बोलू. आणि पहिली खेप मेअखेरच्या आत उचला, जूनमध्ये मामांकडे माल वाळणार नाही.